दृष्ट चिऊची, जांभया ताईच्या

धार, ९ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव सुभाष,

आशीर्वाद आहेतच, ते काय मोजत बसायचे! फोन करू नकोस. फोनवर मला नुसती भुणभुण ऐकू येते, मी 'हो हो' म्हणते आणि तुला वाटतं ताईला कळलं. प्रणवने कानात घालायचं यंत्र आणून दिलंय, त्यात पंखा ऐकू येतो, माणसं नाही. तेव्हा पहिल्यासारखं लिहूनच कळव.

चिऊचं काही खरं दिसत नाही रे. दिवाळीत तू तिला पाहिलंस ना, निळ्या परकरात घरभर नाचत होती? फराळाला आलेल्या, इरावती शिकवते त्या शाळेतल्या एक बाई, नालछ्याहून जाऊन-येऊन करतात त्या, तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, "कितनी गोलमटोल है!" त्या बिचारीचा दोष नाही, नजर काही माणसाच्या हातात नसते. पण तेव्हापासून पोरीने अन्नावरची वासनाच काढून घेतली. दोन घास खाल्ले की पोट धरून बसते. परकर कमरेवरून घसरतो. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं लेकरू. तिला काही झालं तर माझा प्रणव आणि ही सून इरावती माझ्या डोळ्यांदेखत उन्मळून पडतील.

काल तिन्हीसांजेला दृष्ट काढली. मीठ-मोहरी-मिरच्या उतरवल्या मात्र, आणि मला ज्या जांभया सुटल्या! एक संपते तो दुसरी. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, जबडा निखळतो की काय असं झालं. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या तर ठसकासुद्धा नाही. दृष्ट काढणाराला जेवढ्या जांभया तेवढी दृष्ट जबर, हे आईने तुलाही सांगितलेलं आहे. गल्लीतल्या इतक्या पोरांची दृष्ट मी काढली, पण अशा जांभया मला जन्मात आल्या नव्हत्या. मी फार घाबरले आहे.

देवीच्या टेकडीवरचा अंगारा पाठव. थट्टा करायची असेल तर नंतर कर, आधी अंगारा पाठव.

तुझी,
ताई


देवास, १३ नोव्हेंबर

ती. ताई,

आज्ञेप्रमाणे टेकडी चढून अंगारा आणला. गुडघे बोलू लागले, पण त्यांचं कोण ऐकतो? पुडी सोबत आहे. आता थट्टा करायला मी मोकळा.

अगं, जांभया तू देतेस आणि दृष्ट चिऊला? हा कुठला न्याय? लहानपणी गणितं सोडवतानाही तू अशाच जांभया द्यायचीस, तेव्हा काय त्या पुस्तकाला दृष्ट लागली होती? प्रेसमध्ये इतकी वर्षं मी रात्रपाळ्या केल्या, जांभया देणारी माणसं रांगेने पाहिली. कोणी झोपेचं कर्ज फेडत असतो, कोणाच्या अंगात रक्त नसतं.

आमच्या शेजारच्या उमाशंकरजींचंच ऐक. भर कथेत महाराजांच्या समोर बसून जांभया देत सुटले. लोक म्हणाले, पंडितजी का अपमान हो रहा है! शेवटी निघालं काय, तर नव्या गोळीने सुस्ती येत होती. डॉक्टरने गोळी बदलली, जांभया गायब. तुझीही ब्लडप्रेशरची गोळी दसऱ्यात बदलली ना? तिचाच प्रताप असणार. तेव्हा आधी त्या गोळीची चौकशी कर, मग नालछ्याच्या बाईंची.

चिऊला मात्र लहान मुलांच्या डॉक्टरकडे न्या. पोट धरते म्हणजे पोटात काहीतरी असेल. अवंती म्हणते, "वन्संना लिहा, काळजीने तुमचीच तब्येत बिघडेल." बायको कधी नव्हे ते बरोबर बोलते आहे.

तुझा,
सुभाष


धार, २० नोव्हेंबर

सुभाष,

अंगारा पोचला. लावला. तुझी थट्टाही पोचली, ती मात्र मला लागली.

तुला तिथे बसून गंमत सुचते. मी इथे पोरीच्या ताटासमोर वाटी घेऊन बसते आणि ती म्हणते, "आजी, मन नहीं है." पाच वर्षांच्या मुलीने असं म्हणायचं? डॉक्टरला दाखवलं. त्याने पोट दाबून पाहिलं, तपासण्या सांगितल्या. प्रणव पीथमपूरहून थकून येतो आणि तिच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं वळवून बघतो. इरावती स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडते. मला ऐकू येत नाही, पण पाठ हलताना दिसते ना.

आणि जांभया आता थांबत नाहीत. पूर्वी दृष्ट काढतानाच यायच्या. आता पूजेला बसले तरी येतात, चिऊ शाळेत असते तेव्हाही येतात. भाजी निवडताना मान मागे जाते आणि तोंड उघडतं ते उघडतंच. डोकंही जड असतं. एवढ्या लांबून मला जांभया याव्यात म्हणजे दृष्ट किती खोल गेली असेल, तूच सांग. मी रोज सकाळ-संध्याकाळ काढते आहे. देवीला म्हटलं, माझी जी काही वर्षं राहिली असतील ती हिला घाल, मला नकोत.

तुझं गोळीचं म्हणणं मात्र डोक्यात राहिलं. सुस्तीची जांभई कुठली आणि दृष्टीची कुठली, हे कळायला हवंच. ते मी माझ्या पद्धतीने तपासून पाहते आहे. निकाल लागला की कळवीन.

ताई


देवास, २५ नोव्हेंबर

ती. ताई,

रागावलीस. चुकलो. चिऊचं वाचून आमच्याही घशाखाली घास उतरला नाही.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला बरी वाटली. गोळीचं तू तपासून बघते आहेस म्हणजे डॉक्टरांना विचारते आहेस, असंच ना? शहाणी माझी बाई ती! त्यांना जांभयांचंही सांग. दृष्ट काढताना चार जांभया आल्या तर मी हसून सोडून देईन. पण दिवसभर, विनाकारण, डोकं जड असताना येत असतील तर ते मला आवडलेलं नाही. ब्लडप्रेशर मोजून घे. इरावतीला सांग, ती घेऊन जाईल. चिऊच्या पाठी लागताना स्वतःकडेही बघ. तुझ्या माझ्यात आता मधलं कोणी उरलं नाही गं, माहेर म्हणून तुला मी आणि मला तू.

इरावतीशी मी फोनवर बोललो होतो. ती म्हणाली, "मामा, आई ठीक आहेत, बस चिऊचं टेन्शन घेतात." तिला तू सगळं सांगत नाहीस असा मला संशय आहे.

तुझा,
सुभाष


धार, ७ डिसेंबर

चिरंजीव सुभाष,

आनंदाची बातमी आधी. चिऊ जेवली! पोटात जंत निघाले. डॉक्टरने औषध दिलं आणि दोन-तीन दिवसांत पोरीने स्वतःहून वरणभात मागितला. काल तर पोह्यांवर शेव घालून घेऊन "और डालो" म्हणाली. प्रणव इतक्या दिवसांनी हसला. इरावती म्हणते औषधाने बरी झाली. म्हणू दे. जंत कशाने झाले ते मला माहीत आहे आणि ते कुठे गेले तेही.

आता माझ्या परीक्षेचा निकाल ऐक. तू लिहिलंस ना, जांभया गोळीमुळे येतात म्हणून? तेव्हा मी गोळीच बंद केली. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. म्हटलं, जांभया थांबल्या तर सुभाष खरा, नाही थांबल्या तर मी खरी. इरावती रोज सकाळी हातावर गोळी ठेवते, मी पाणी पिते आणि गोळी तुळशीत टाकते. तिला सांगितलं तर शाळेतल्या पोरांसारखं उभं करून गिळायला लावेल.

तर सुभाष, जांभया थांबल्या नाहीत, उलट दुपटीने वाढल्या! हरलास तू. गोळीचा काही संबंध नाही, ती दृष्टच होती, आणि ती आता चिऊवरून निघून माझ्यावर आली आहे. म्हणून तर ती जेवायला लागली. मागितलं तसं देवीने दिलं. डोकं ठणकतं, उजव्या हाताला मुंग्या येतात. परवा तांब्या हातातून सुटला आणि बोटांना कळलंच नाही. हे अक्षर वाकडं येतंय तेही त्यामुळेच, हसू नकोस. पण मला भीती वाटत नाही. पोर वाचली, आता माझं काय व्हायचं ते होवो. मी खरंच सुखात आहे.

घरात कोणाला लिहू-बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझी,
ताई


इंदूर, गंगवाल बसस्टँड, १० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शपथ मोडली. प्रणवला फोन लावला, कारखान्यात आत असला की त्याचा बंदच असतो. इरावती वर्गावर होती, शाळेतल्या शिपायाला म्हटलं, "भिया, मॅडम को बोलो अभी के अभी घर जाए." तो म्हणाला, "जी, बोल देता हूँ." त्याने सांगितलं की नाही, देव जाणे. मी हातातला चहा तसाच टाकून निघालो. आता धारच्या बसची वाट बघत बसलो आहे. बस उभी आहे आणि ड्रायव्हर पानाच्या टपरीवर गप्पा मारतोय.

हे पत्र मी तुझ्या हातात स्वतः देणार आहे. तुझ्यापुढे ओरडून काही उपयोग नाही, तू 'हो हो' म्हणशील. म्हणून लिहितो आणि तू हे माझ्यासमोर वाचायचंस.

गोळी आत्ता घे. वाच पुन्हा: आत्ता. नाही, आधी दवाखान्यात चल, ते सांगतील तसं घे. मी गोळीची चौकशी कर म्हणालो होतो, बंद कर म्हणालो नव्हतो. तरी मी लिहायलाच नको होतं. मला काय कळतं डॉक्टरीतलं? उमाशंकरजींची गंमत सांगायची हौस, दुसरं काय. अगं, दृष्ट नाही ही. हाताला मुंग्या, डोकं ठणकणं, भांडं सुटणं, ही तुझ्या डोक्यातली रक्ताची नस ओरडते आहे आणि तू तिला देवीचा प्रसाद म्हणतेस! चिऊ औषधाने बरी झाली. तुझा जीव कोणी मागितलेला नाही. देवीनेही नाही. तो परत घे.

भांड माझ्याशी, हवं तर मला हरलेला म्हण, गल्लीभर सांग. पण मी येईपर्यंत जरा दम धर, ताई. मी हात जोडतो.

ड्रायव्हर आला.


धार, १९ जानेवारी २०२५

पूज्य मामांना इरावतीचा नमस्कार.

माझ्या मराठीवर हसू नका. हिंदी मीडियमची मुलगी, बोलता येतं पण लिहिताना हात अडखळतो. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण प्रणव इथेच असतात आणि त्यांच्या समोर मला हे बोलायचं नाही.

तुम्ही महिनाभर राहून गेलात, त्यानंतर आईंची हालत तशीच आहे. शब्द नाहीत. 'आ' सोडून काही निघत नाही. उजवी बाजू बिलकुल गेलेली. पाटीवर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहून दाखवलं तर त्या पाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहतात. त्या दिवशी शिपायाने मला निरोप दिला होता, मामा. मी धावतच घरी आले होते. आई तुळशीजवळ पडलेल्या होत्या. मी हजार वेळा विचार करते की रोज त्यांच्या तोंडात गोळी गेली की नाही हे का नाही पाहिलं. पण आई कोणाचं ऐकणार होत्या? तुमचंही नाही ऐकलं. गोळीचं प्रणवला अजून सांगितलेलं नाही आणि सांगायची हिंमतही नाही.

आता खरी गोष्ट. मागच्या रविवारी आईंना मोठी जांभई आली आणि त्यांचा उजवा हात, जो आपण उचलून ठेवतो तिथेच पडून असतो, तो आपोआप वर उठला! छातीपर्यंत आला, बोटं उघडली आणि जांभई संपल्यावर खाली पडला. प्रणव ओरडले, "आईचा हात! आईचा हात!" गल्ली जमा झाली. त्यांनी पेढे आणले. मीही देवासमोर डोकं टेकवून खूप रडले.

मग इंदूरच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लकव्याच्या काही पेशंट्समध्ये असं होतं. जांभईचा रस्ता मेंदूच्या खालच्या भागातून जातो, तो वेगळा आहे. हात त्या उचलत नाहीत, जांभई उचलते. याला सुधारणा समजू नका, म्हणाले. मी आधीच्या जांभयांचंही विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण वाढलेल्या प्रेशरबरोबर अशा जांभया दिसल्या तर तपासायला हवं होतं.

प्रणव मानत नाहीत. कारखान्यातून आले की आईंच्या समोर बसून राहतात, हात कधी उठेल म्हणून. आणि चिऊ पलंगावर चढून जांभई मागते, म्हणते, "आजी, एक और उबासी लो ना!" हात उठतो आणि कधी कधी तिच्या डोक्यावर पडतो. मग ती सगळ्यांना सांगते की आजीने आशीर्वाद दिला.

मी या दोघांना काय सांगू, मामा? खरं सांगितलं तर उम्मीद तुटेल, नाही सांगितलं तर मी रोज खोटी. तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा.

तुमची,
इरावती


देवास, २३ जानेवारी

चि. सौ. इरावतीस,

तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण तू खरं लिहितेस.

डॉक्टर बरोबर सांगतात. व्हिडिओ तू मलाही पाठवला होतास. तो घेऊन मी इथल्या मोठ्या डॉक्टरांना भेटलो, हात जोडून म्हटलं, साहेब, थोडी तरी आशा? ते भले गृहस्थ आहेत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आशा ठेवा, पण या हाताकडून नको. प्रणवला मी सांगेन, गोळीचंही मीच सांगेन, कारण ते खूळ तिच्या डोक्यात माझ्या पत्राने घातलं होतं. माझ्यावर रागावायचं तेवढं रागावू दे त्याला. ते ओझं तुझं नाही, मुली. चिऊला मात्र काही सांगू नकोस. तिच्या डोक्यावर हात पडतो ना, मग तो आशीर्वादच.

आता मीही तुला एक सांगतो, ते घरात कोणाला माहीत नाही. मी तिथे होतो तेव्हाच तो हात एकदा उठलेला पाहिला होता. तुम्ही कोणी खोलीत नव्हतात. वाटलं भास झाला, म्हणून बोललो नाही. मग दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस, मी दार लोटलं, तिच्या समोर खुर्ची घेतली आणि खोटी जांभई दिली. म्हातारा माणूस, आ वासून बसलो वेड्यासारखा. ज्या जांभयांची मी थट्टा केली, ज्यांच्यासाठी बस पकडून तिला रागावायला धावलो, त्याच मी आता भीक मागितल्यासारख्या मागत होतो. तिने माझ्याकडे बघितलं. काही ओळखलं का, सांगता येत नाही. मी पुन्हा दिली. दोन-चार खोट्या दिल्या की खरी येते, आणि खरी आली की समोरच्यालाही येते. तिलाही आली.

हात वर आला. मी तो धरला. ऊबदार होता गं. बोटं माझ्या बोटांभोवती वळली. ती तिने वळवली की जांभईने, हे मी कोणत्याही डॉक्टरला विचारणार नाही. त्या घटकेला मला ताई होती.

रोज तेच करत होतो. इथे आल्यापासून करता येत नाही आणि त्याने माझा जीव कासावीस होतो. रविवारी मी येतोच आहे. तोवर माझ्यासाठी एवढं कर. दुपारी घरात शांत असेल तेव्हा तिच्या अगदी समोर बस, तुझा चेहरा तिला नीट दिसेल असा, आणि तोंड भरून जांभई दे. लाजू नकोस. आली नाही तर पुन्हा दे. आणि हात वर आला की लगेच धर. तो फार वेळ वर राहत नाही.

तुझा,
सुभाषमामा